पाय न धरणारी फरशी

टाइल्सच्या शोरूममध्ये मांडी घालून मेथी निवडणारी बाई मी एकच पाहिली. घाटकोपरच्या त्या एसी दुकानात, लखलखीत दिव्यांखाली, आरशासारख्या फरशीवर आमच्या घाडीगावकर काकू बसल्या होत्या. समोर वर्तमानपत्र, त्यावर मेथीची जुडी. सेल्समन हात जोडून उभा.

"मॅडम, प्लीज, खुर्ची आहे ना."

"खुर्ची नाय घ्यायची मला, फरशी घ्यायचीय."

"इटालियन फिनिश आहे, मॅडम."

"इटालियन माणूस खाली बसून भाजी निवडतो का? नाय ना? मग त्याला काय कळतंय!"

वीस मिनिटांनी जुडी संपली. काकू माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या, कंबरेवर हात ठेवून क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हॉलला नापास."

विक्रोळीची आमची जुनी इमारत पाडून तिथे नवी बांधत होते आणि आम्ही सगळे तोवर मुलुंडला भाड्याने राहत होतो. काकू जुन्या घरीही शेजारी, मुलुंडलाही शेजारी. बिल्डरने प्रत्येक घराला एक फॉर्म दिला होता. हॉल, किचन, बेडरूम, बाथरूम, आणि प्रत्येकासमोर फरशीसाठी रिकामी चौकट. शनिवारपर्यंत भरून द्यायचा. नाहीतर सगळीकडे एकच पांढरी चकचकीत फरशी. इतरांनी तो फॉर्म जिन्यात उभ्याउभ्या भरला. काकूंनी तो चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवला आणि मला सोबत घेऊन दुकानं पालथी घालायला सुरुवात केली. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझी बायको नंदा मागच्या वर्षी गेली, तेव्हापासून मला रविवार फार मोठे वाटतात. काकूंनी हे कधी बोलून दाखवलं नाही. "अविनाश, पिशव्या धरायला चल," एवढंच म्हणाल्या.

प्रत्येक खोलीची परीक्षा वेगळी. हॉलसाठी मेथीनंतर चिवडा. मूठभर चिवडा फरशीवर सांडायचा आणि चष्मा काढून शोधायचा. "सांडलेला चिवडा दिसत नसेल तर ती फरशी माणसांची नाय, मुंग्यांची." किचनसाठी डब्यातून बांगड्याची कढी आणलेली असे. पांढऱ्याशुभ्र नमुन्यावर त्यांनी एक चमचा कढी ओतली, "आम्ही चहा पिऊन येतो, पुसू नकोस हां," असं बजावलं आणि खरंच चहाला गेल्या. परत आलो तेव्हा मालक स्वतः त्या डागाशेजारी बसला होता.

बाथरूमच्या वेळी त्यांनी साबणाचं पाणी केलं आणि मला वर उभं राहायला सांगितलं.

"काकू, मी पडेन!"

"पड ना. तू पडलास तर जोडता येशील. मी पडले तर नवीन आणावी लागेल."

मी पडलो. बाथरूमलाही नापास.

बेडरूमसाठी त्या सरळ आडव्या झाल्या. उताण्या, डोळे मिटून, पदर पोटावर. गिऱ्हाइकं वळसा घालून जात होती. एक गुजराती बाई घाबरून वाकल्या, "बेन, तबियत ठीक छे?"

"तबियत ठीक है," काकू डोळे न उघडता म्हणाल्या. "बेडरूम देख रही हूँ."

मग तशाच पडल्यापडल्या मला म्हणाल्या, "तू ही घेऊ नकोस हां. फार गार आहे. एकट्या माणसाचे पाय आधीच गार पडतात." मी माझ्या फॉर्मवर तशी नोंद केली.

हा सगळा खटाटोप भाऊंसाठी होता. भाऊ म्हणजे काकूंचे यजमान. पस्तीस वर्षं कारखान्यात लोखंड कापलेला ताठ माणूस. तीन वर्षांपूर्वी त्यांना कंपवात झाला. हात थरथरत, पण खरा त्रास पायांचा. चालता चालता मध्येच, बहुतेक दाराशी, पाय खिळल्यासारखे थांबत. वरचं शरीर पुढे, पाय जागेवर. दोनदा पडले. डॉक्टर काकूंना म्हणाले होते, चालते ठेवा. एकदा अंथरूण धरलं की उठणार नाहीत.

भाऊंना हे मान्य नव्हतं. "माझ्या पायांक काय धाड भरली? ही फरशी पाय धरता."

काकूंनी ते चारचौघांत उचलून धरलं. "फरशीच मेली वाईट. नव्या घरात पाय न धरणारी आणू."

मी एकदा हळूच म्हणालो, "काकू, फरशी कुणाचे पाय धरत नसते."

"तुला कोण विचारतंय? तू पुस्तकं सांभाळ."

शुक्रवारी त्या भाऊंनाच दुकानात घेऊन गेल्या. काचेचं दार उघडलं, भाऊंनी आत एक पाऊल टाकलं आणि पाय थांबले. मागे लोक खोळंबले.

"बघितलंस?" काकू सेल्समनवर ओरडल्या. "धरली!"

"मॅडम, ही अँटी-स्किड आहे."

"अँटी-स्किड म्हणजेच धरणारी!"

भाऊंना कसंबसं बाहेर काढलं. रिक्षा पलीकडच्या बाजूला मिळणार होती. समोर रस्ता ओलांडायचे नवे रंगवलेले पांढरे पट्टे होते. भाऊंनी खाली पाहिलं, पहिल्या पट्ट्यावर पाय ठेवला, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर, आणि कवायतीला निघाल्यासारखे, एका रिक्षावाल्याला शिव्या घालत, सरळ पलीकडे. मी पिशव्या घेऊन मागे धावत होतो. पलीकडचा साधा फूटपाथ आला आणि पाय पुन्हा खिळले.

काकू अलीकडेच उभ्या होत्या. तिथूनच ओरडल्या, "अविनाश, त्यांना परत इकडे आण!"

परत आणलं. झरझर आले. "आता पुन्हा ने!" असं तीनदा झालं. शेवटी ट्रॅफिक हवालदार आला.

"आजी, काय चाललंय?"

"फरशी बघतोय," काकू म्हणाल्या.

शनिवारी मी त्यांचा फॉर्म पाहिला. चारही चौकटींत एकच गोष्ट लिहिली होती: खरखरीत पांढरी फरशी, तिच्यात आडवे काळे पट्टे. अंतर म्हणून एक सुतळीचा तुकडा टाचणीने लावला होता, भाऊंच्या पावलाच्या मापाचा. नंतर मी लायब्ररीत शोधलं. आडव्या रेघा दिसल्या की अशा रुग्णांचे अडकलेले पाय सुटतात, असं एका वैद्यकीय पुस्तकात होतं.

सोसायटीत मात्र काकूंची पार वाट लागली. "काकू, सिग्नल कुठे बसवणार?" "पाहुण्यांनी हॉर्न वाजवून यायचं का?" काकूंचं एकच उत्तर: "माझी हौस आहे. तुमच्या पोटात का दुखतंय?" मीटिंगमध्ये मला राहवेना. मी "अहो, भाऊंसाठी..." म्हणालो मात्र, काकूंनी टेबलाखालून असा चिमटा काढला की मी पाणी मागितलं. बाहेर आल्यावर त्या पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. "गप राहा रे. मला हसले तर हसू देत. ह्यांना वाटू दे, फरशीच वाईट होती."

नव्या घरात पूजेला सगळा मजला जमला होता. भाऊ उंबऱ्यात आले, खाली पाहिलं आणि भडकले.

"ह्या काय करून ठेवलंस गो? घर हा की रस्तो? अक्कल गहाण ठेवलंस?"

आणि बोलता बोलता आत शिरले. दारात थांबले नाहीत. पट्ट्यामागून पट्टा, हॉलमधून किचनमध्ये, किचनमधून बेडरूममध्ये, प्रत्येक खोलीत नव्याने संतापत. मागे बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. भाऊ वळून पुन्हा काकूंसमोर येऊन उभे राहिले.

"चुकलां हो माझां," काकू म्हणाल्या.

"चुकलां म्हणजे? आता मरेपर्यंत माका ह्याच्यावरच चालूचा लागतला!"

"होय," काकू म्हणाल्या आणि प्रसाद वाटायला आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.