कालच्या गणिताबद्दल आभार

ग्रंथपाल एबो डाडझी यांनी जन्मात एकच लबाडी केली, आणि तीही एका रात्रीत चव्हाट्यावर यायच्या बेतात आली.

"परीक्षा होईपर्यंत गोष्टीचं पुस्तक हातात दिसलं, तर लायब्ररी बंद!" असा एकुआच्या आजीचा हुकूम होता. आजी मासे धुरावून विकायची, आणि तिच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. बिचारी एकुआ रोज येऊन कपाटाच्या काचेतून नुसती पुस्तकांची नावं वाचत बसे. डाडझींना ते बघवेना. शेवटी त्यांनी समुद्री चाच्यांच्या एका कादंबरीला गणिताच्या पुस्तकाचं कव्हर चढवलं आणि ती तिच्या हातात ठेवली.

"कुण्णाकुण्णाला सांगायचं नाही हं."

"देवाशपथ नाही, सर!"

एकुआने शब्द पाळला. फक्त दुसऱ्या दिवशी पहाटे ती डाडझींच्या फाटकाशी हजर झाली. कुणी आपलं भलं केलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाऊन आभार मानायचे, ही घानाच्या या किनाऱ्यावरची रीत. आणि आजीने नातीला वळण चांगलं लावलं होतं.

"सर, कालच्याबद्दल आभार!" ती खणखणीत आवाजात म्हणाली.

लगेच शेजारची केंकेवाली, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे विकणारी बाई, कुंपणावरून डोकावली. "काल काय दिलं हो मास्तर पोरीला?"

"गणित!" डाडझी घाईघाईने ओरडले. "गणिताचं पुस्तक दिलं!"

केंकेवालीला कळलं म्हणजे दुपारपर्यंत किनाऱ्यावर कळलं. तिसऱ्या दिवशी पहाटे डोक्यावर धुरावलेल्या माशांची टोपली घेऊन खुद्द आजीच फाटकाशी उभी.

"मास्तर, नातीला गणित दिलंत, आभार."

"अहो आजी, त्यात काय एवढं!"

"एवढं कसं नाही? पोरगी भट्टीमागे बसून गणित पुटपुटते. मधेच फिदीफिदी हसते. काल तर ढसाढसा रडली. कसलं हो गणित हे?"

"अपूर्णांक," डाडझी कसेबसे बोलले. "अपूर्णांकात... रडू येतं."

"अस्सं! मग तो कप्तान समुद्रात पडला, तो अपूर्णांकच म्हणायचा!"

डाडझींनी मान खाली घातली. पोरीची लायब्ररी सुटली, आणि ती आपल्या शहाणपणामुळे! त्यांना फार वाईट वाटलं. "आजी, चूक माझी आहे. मला हवं ते बोला, पण एकुआला येऊ द्या."

आजीने टोपली खाली ठेवली, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ते राहू द्या. तो मेला की वाचला? कार्टी नेमकी तिथेच उठून गेली. रात्रभर कूस बदलतेय मी!"

"वाचला, आजी."

आजीचा जीव भांड्यात पडला. "मग हे संपलं की पुढचं गणित द्या तिला. अन् मला कळलंय हे तिला बोलायचं नाही. नाहीतर मनातल्या मनात वाचेल, आणि मी बसेन नुसती धूर खात."

चौथ्या दिवशी पहाटे रीतीप्रमाणे डाडझी आजीच्या अंगणात गेले. "आजी, कालच्या माशांबद्दल आभार!"

आजीने भट्टीआडूनच डोळे वटारले. फाटकापर्यंत पोचवायला आलेली एकुआ मात्र हळूच म्हणाली, "सर, कुण्णाला सांगणार नाही ना? आजीला ऐकू जावं म्हणून मी मुद्दाम मोठ्यानं पुटपुटते. आणि कप्तान पडला ना, तिथे मुद्दामच उठले."