कुरडयांची राखण

नत्थूजींना उडता पक्षी हवा होता. निवृत्तीनंतर मुलीनं कॅमेरा घेऊन दिला, तेव्हापासून लकडगंजातल्या त्यांच्या गच्चीवरून किती पाखरं उडाली, पण फोटोत यायची नुसती शेपूट, नाहीतर मोकळं आभाळ. पाखरानं पंख पसरले की त्यांना आपणच पुन्हा एकदा ऑफिसातून सुटल्यासारखं वाटे, आणि त्या आनंदात बटण दाबायला उशीर होई.

त्यांच्या बायकोचं, शामलाबाईंचं, दुःख वेगळं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन छान झालं, रामदासपेठेतले डॉक्टर "आता बिनधास्त चाला" म्हणाले, पण बाईंचा पायावर भरवसाच राहिला नव्हता. भिंत धरल्याशिवाय त्या पाऊल टाकत नसत. उन्हाळ्याच्या कुरडया मात्र चुकवल्या नाहीत. भिंतीभिंतीनं गच्चीवर येऊन त्यांनी जुन्या लुगड्यावर कुरडया घातल्या आणि सावलीत खुर्ची धरली.

"राखण तुम्ही करा. मले काही उठणं होत नाही."

"बसूनच तं राहिलो नं वं मी," नत्थूजी कॅमेरा सरसावत म्हणाले.

राखणदारच असा मिळाल्यावर काय होणार? एक साळुंकी उतरली. तिनं चव पाहिली आणि सगळं गणगोत बोलावलं.

"अहो, हाकला नं."

"थांब, उडतीन तवा फोटो काढतो."

पण ओल्या चिकाच्या कुरडया टाकून कोण आभाळात जातं? एवढं स्वातंत्र्य साळुंक्यांनाही नको होतं.

"हाकलून काहून नाही राहिले?"

"हाकलू का फोटो काढू? हात दोनच आहेत मले."

एवढ्यात एका साळुंकीनं अख्खी कुरडई कठड्याकडे ओढत नेली आणि बाईंचा धीर सुटला. खुर्ची मागे कलंडली. दोन्ही हात पसरून शामलाबाई सरळ थव्यात घुसल्या. भर्रकन सगळी पाखरं उडाली, आणि नत्थूजींनी जन्मात पहिल्यांदा वेळेवर बटण दाबलं.

फोटो पाहून त्यांचं तोंड उतरलं. साळुंक्यांचे नुसते पुसट डाग आले होते. मधोमध स्वच्छ आल्या होत्या शामलाबाई. हात पसरलेले, पदर वाऱ्यावर, दोन्ही पाय जमिनीच्या वर.

आता बोलणी खावी लागणार म्हणून ते कॅमेरा लपवू लागले, तर बाई शेजारी येऊन उभ्या. त्या बराच वेळ फोटोकडे पाहत राहिल्या.

"हे मी हावो?"

"तूच. धावली नं वं तू. भिंत दिसते का कुठं?"

बाईंनी डोळे पुसले. नत्थूजींनाही भरून आलं, पण ते चष्मा पुसण्यावर निभावलं.

"पाखरं काही बराबर नाही आले," बाई म्हणाल्या. "बसा तिथं, अजून येतीन."

उरलेल्या कुरडया त्यांनी स्वतःच कठड्याजवळ सरकवल्या, पदर मुद्दाम मोकळा सोडला, आणि साळुंक्यांची वाट पाहत गच्चीच्या मधोमध उभ्या राहिल्या.