जप्त रुमालांची गोधडी आणि नंबर एकेचाळीस

॥ श्री सुईदोरा समर्थ ॥

वाचणारांचे सेवेसी दंडवत ऐसे जे, "तुझ्या आबांनी जन्मभर पोरींचे रुमाल जप्त केले ना, त्या रुमालांचं पुढं झालं काय? विचारशील? आहे हिंमत?" ऐसा सवाल शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, मंगळवारी, मधले सुट्टीत, शाळेचे पाण्याचे टाकीपाशी राजनंदिनी आणि सानिया मुलाणी या दोघी मैत्रिणींनी केतकीबाईंस घातला, तेथून ह्या हकीकतीस आरंभ जाहला. राजनंदिनीचे मातोश्रींचा लाल रुमाल, कोपऱ्यात मोर भरलेला, ह्याच शाळेत आठवीत असता जप्त जाहला होता, आणि त्या माउली अद्याप भाकरी थापताना त्या मोराचे नाव काढून उसासा टाकीत. सानिया म्हणाली, "ही कसली विचारतीय! ही नुसती पळते." आणि केतकीबाई म्हणाल्या, "उद्या सकाळी विचारते. लाव पैज." आणि पैज एक बर्फाचा गोळा, काला खट्टा, ऐसी ठरली.

केतकीबाई म्हणजे दहावी अ मधील. पूर्वी स्वभावाने ऐशा गरीब की हजेरीस "उपस्थित" म्हणावयाचे तरी आवाज घशातच मुक्काम करी. परंतु आश्विनमासी तालुक्याचे मैदानावर आठशे मीटर धावण्यात पहिल्या आल्या, शेवटास मागे वळून पाहतात तो दुसरी अजून वळणावरच, तेव्हापासून मानेस जो ताठा आला तो उतरेना. मग जिल्ह्याचे शर्यतीस निवड जाहली, ती शर्यत शुद्ध एकादशी सोमवारी, आणि त्याच सोमवारी क्लासची सराव परीक्षा. तेव्हा आईसाहेबांनी हुकूम काढिला की दहावीचे वर्ष, पळणे बंद, आणि धावण्याचे बूट पिशवीत घालून माळ्यावर रवाना केले. दौलतीचे धनी पप्पासाहेब, परंतु कारभार सारा आईसाहेबांचा. पप्पासाहेबांनी "तुझी आई म्हणते तेच" इतका शिक्का मारिला आणि पुन्हा मोबाइलात शिरले. म्हणोन सवाल मैत्रिणींचा असला तरी कळ केतकीबाईंची होती. जप्त केलेली वस्तू कधी परत मिळते, की कायमचीच जाते, हे त्यांस स्वतःस जाणणे जरूर होते.

दौलत म्हणजे दुसऱ्या मजल्यावरील तीन खोल्या आणि एक बाल्कनी. पैकी बाल्कनीचा मुलूख आबासाहेबांकडे. आबासाहेब, म्हणजे पप्पासाहेबांचे वडील, ह्याच शाळेचे मागील क्रीडाशिक्षक; एकतीस वर्षे गळ्यात शिट्टी, हातात रूळ, आणि गणवेशात रंगीत रुमाल, रंगीत रिबीन, फुलाफुलांचे मोजे जे दिसेल ते जप्त करून, नाव लिहिलेली चिठ्ठी टाचून, पत्र्याचे ट्रंकेत. निवृत्त जाहले ते दिवशी शाळेने नारळ दिला, शाल दिली, आणि ती ट्रंकही रिक्षात घालून दिली. मग पहिले वर्षी सकाळचा फेरफटका जाहला, दुसरे वर्षी भजनी मंडळ जाहले, तेथे टाळ कोणी कसा धरावा ह्यावरून भांडण जाहले, आणि मग घरी बसणे आले. परंतु हात स्वस्थ बसेनात. फुटबॉलची उसवलेली शिवण आणि व्हॉलीबॉलची फाटकी जाळी ह्यांवर एकतीस वर्षे दाभण चालविलेले ते हात. मग जुन्या चादरी, धोतरे, परकर जमा करून गोधड्या शिवू लागले. खाली कट्ट्यावरची निवृत्त मंडळी टोचून म्हणत, "काय सर, डोहाळजेवण कुणाचं?" आणि आबासाहेब वरून शिट्टी फुंकून म्हणत, "तुमचंच! थंडी वाजली की याल रांगेत!" आणि खरोखर दोघे आले.

दिनचर्या ऐसी की, पहाटे उठणे, रक्तदाबाची गोळी, चहा, वर्तमानपत्रातील खेळांचे पान, आणि मग बाल्कनीत मांडी घालून धावदोरा. शिवण काठापासून आत आत फिरत जावयाची, शेवटचा टाका मध्यावर. परंतु डोळे मंद जाहले असल्याकारणे सुईत दोरा जाईना, म्हणोन केतकीबाईंनी रोज शाळेस कूच करण्यापूर्वी नऊ सुया ओवून जुन्या टेनिसबॉलमध्ये खोचून ठेवाव्या, ऐसा हुद्दा त्यांजकडे तिसरीपासून वंशपरंपरा नसता चालत आला होता. श्रावणापासून एक मोठी गोधडी चालली होती, अवघ्या रंगांची, परंतु दोन महिने जाहले मध्यावर वीतभर जागा तशीच उघडी. पुसिले तर आबासाहेब म्हणत, "तिथलं कापड अजून ठरलं नाही."

बुधवारी प्रातःकाळी चौथी सुई ओवताना केतकीबाई बोलत्या जाहल्या, "आबा, एक विचारू?"

"विचार. हात चालू ठेव."

"जप्त केलेले रुमाल कुठं गेले?"

आबासाहेबांची सुई बोटात गेली. बोट तोंडात घालून म्हणाले, "कुणी शिकवलं हे विचारायला?"

"कुणी नाही. पैज लागलीय."

"पैजेवर उत्तरं देत नसतो मी. दे ती सुई. शिक्षक आहे मी."

"होता," केतकीबाई म्हणाल्या, आणि ओवलेल्या चारही सुयांचे दोरे ओढून काढिले. "उत्तर द्या, मग सुया."

येणेप्रमाणे सुयांचा संप सुरू जाहला. आबासाहेबांनी स्वतः ओवून पाहिले. दोरा ओला करकरून त्याची शेवई जाहली आणि सुईचे नाक जेथल्या तेथे. मग पप्पासाहेबांस दिली, त्यांनी एक ओविली ती शर्टाचे बाहीसकट. मग कट्ट्यावर नेली. तेथे पाच चष्मेवाल्यांनी हातोहात फिरविली, प्रत्येकाने "दोऱ्यातच खोट आहे" ऐसा अभिप्राय दिला, आणि परत मागितली तो सुईच गहाळ. गुरुवारी तहाचे बोलणे म्हणोन राजगिऱ्याचा लाडू आला. केतकीबाईंनी लाडू भक्षण केला आणि सुया ओविल्या नाहीत. आईसाहेब म्हणाल्या, "बरं झालं. तेवढाच वेळ भूमितीला." शुक्रवारी आबासाहेब उघड्या मध्याकडे पाहत नुसते बसून राहिले आणि जेवणात मीठ कमी आहे हेही बोलले नाहीत, तरी केतकीबाईंनी माघार घेतली नाही.

शुद्ध नवमी, शनिवार. आबासाहेब हयातीचा दाखला देण्यास, म्हणजे आपण जिवंत आहो हे बँकेस पटविण्यास गेले होते. इकडे दारी भांडेवाली आली. आईसाहेबांस बहुत दिवसांपासून झाकणाचे स्टीलचे पातेले हवे होते, आणि पलंगाखाली ट्रंक ऐसी अडलेली की केरसुणी जाईना. सबब आईसाहेबांनी आतल्या चिंध्या द्याव्या ऐसी मसलत करून ट्रंक जिन्यापर्यंत ओढून आणिली. इतक्यात शनिवारची सकाळची शाळा सुटून केतकीबाई आल्या, आणि जिना तीन तीन पायऱ्यांनी चढून धाडकन ट्रंकेवरच बसल्या.

"ए पोरी, ऊठ की," भांडेवाली म्हणाली. "एवढ्याशा चिंध्यांना पातेलं देतीय म्हंजे माझंच नुकसान हाय."

"केतकी, ऊठ. सगळी बिल्डिंग बघतेय."

"बघू दे. आबांचं आहे हे. त्यांना न विचारता द्यायचं नाही."

"चिंध्या आहेत गं त्या!"

"मग बघू तरी," ऐसे म्हणोन केतकीबाईंनी उठून झाकण उघडिले. वर तुकडे, काठ, नाड्या. आणि तळास एक पांढरे चौकोनी कापड, घडी घालून, चिठ्ठी टाचलेली. उलगडिले तो त्यावर काळ्या रंगात ४१. आणि चिठ्ठी मोठ्याने वाचिली, "वैशाली जयवंत माने, दहावी ब. धावण्याचा नंबर. जप्त, डिसेंबर अठ्ठ्याण्णव." आता वैशाली जयवंत माने म्हणजे कोण, तर लग्नापूर्वीच्या आईसाहेब.

"आई," केतकीबाई म्हणाल्या, "तू पळायचीस?"

"दे इकडे ते."

"किती मीटर?"

"आठशे," आईसाहेब म्हणाल्या, आणि कापड हाती घेऊन नंबरावरून अंगठा फिरविला.

"द्यायचं का न्हाई ते ठरवा बया, अजून चार बिल्डिंगी हाईत मला."

"नाही द्यायचं," आईसाहेब म्हणाल्या, आणि पातेले परत गेले.

मग आबासाहेब जिवंत असल्याची पावती घेऊन जिना चढून आले आणि आईसाहेबांचे हाती नंबर पाहून पायरीवरच बसले. म्हणाले, "नानांची, तुझ्या वडिलांची, चिठ्ठी आली होती मला, शर्यतीच्या दिवशी सकाळी. दहावीचं वर्ष आहे, पोरीला पळवू नका. मी तुला मैदानावरून परत पाठवली. नंबर काढून घेतला."

"तुम्ही नाही काढला, आबा. पिना मीच काढल्या. तुम्ही नुसता हात पुढं केलात." आईसाहेबांचा आवाज चढला नाही, हेच कठीण होते. "मग तुम्हीच मला सून करून आणलंत. अठरा वर्षं ताट वाढलं तुम्हाला. चहात साखर किती ते सांगितलंत, नंबर कुठं आहे ते नाही सांगितलंत."

"तोंड नव्हतं गं सांगायला. पोरी लग्न होऊन कुठं कुठं गेल्या. कुणाचा रुमाल कुणाला नेऊन देऊ? म्हणून शिवायला घेतले. सगळे आहेत त्या गोधडीत, त्या मोराच्या रुमालासकट. मधली जागा तुझी. पण सुई धजेना." आणि केतकीबाईंकडे वळून म्हणाले, "मिळालं उत्तर? जा, गोळा खा."

केतकीबाई शब्दाच्या पक्क्या. लागलीच बाल्कनीत जाऊन नऊच्या जागी बारा सुया ओवून टेनिसबॉलमध्ये खोचिल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या, तेथे आईसाहेब कुकरास पाठ करून उभ्या होत्या, आणि म्हणाल्या, "मग माझे बूट?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"तुझ्या भल्यासाठी आहे ते."

"नानांनी पण चिठ्ठीत हेच लिहिलं असणार."

कुकराने दोन शिट्ट्या केल्या. पप्पासाहेब बाहेरून म्हणाले, "केतकी, आईशी असं बोलतात होय? तुझी आई म्हणते..." आणि येथे दौलतीचे इतिहासात प्रथमच त्यांचा शिक्का अर्ध्यावर राहिला, कारण आईसाहेब काहीच म्हणत नव्हत्या. केतकीबाईंनी तितका अवकाश पाहिला, फोन उचलला, क्लासचे सरांशी दोन मिनिटे बोलणे केले, स्टूल घेतले आणि माळ्याखाली उभे केले.

सायंकाळी दिवाणखान्यात गोधडी पसरली गेली. लाल, पोपटी, ठिपक्यांची, फुलांची, एका कोपऱ्यात मोर. एकतीस वर्षांच्या अवघ्या नटव्या पोरी जशा एका रांगेत उभ्या, आणि आता रांग मोडा म्हणावयाची कोणाची छाती नाही. राजनंदिनीचे मातोश्रींस फोटो धाडिला, तो उलट निरोप आला, "राहू दे तिथंच, पण एक रात्र मी पांघरणार." आबासाहेब ओवलेली सुई घेऊन मध्यावर वाकले आणि आईसाहेबांस म्हणाले, "दे. आज बसवतो." आईसाहेबांनी नंबर पुढे केला, तो मध्येच केतकीबाईंनी घेतला.

एकंदर मजकूर इतकाच की, एकतीस वर्षांची जप्ती एका गोधडीत मावली, फक्त एक वीतभर कापड मावेना, राज्य बाल्कनीचे असो की माळ्याचे, घेतलेली वस्तू तळाशी पडून राहिली तरी आपले नाव विसरत नाही, आणि ते कापड हाती धरून, पायात बूट घालून, नाडी दुहेरी बांधून, केतकीबाई भर दरबारी बोलत्या जाहल्या त्या ऐशा: "आई, पप्पा, ऐका. हा नंबर गोधडीत जायचा नाही. आबा तो माझ्या जर्सीला आतल्या बाजूनं शिवतील, चारी कडा, दुहेरी दोरा. पिना नकोत. म्हणजे मैदानावर कुणी हात पुढं केला तरी निघायचा नाही. मधली जागा तशीच ठेवा, माझा नंबर तिथं लावायचा की नाही ते मी पळून आल्यावर ठरवीन. परीक्षा मंगळवारी देणार आहे, सरांशी बोलले मी. सोमवारी जिल्ह्याला मी पळणार. हे विचारत नाहीये, सांगतेय. आणि आई, एसटी साडेसहाची आहे, तुझी जागा मी धरते."