पप्पा कमी स्पीडवर

पप्पांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे मयतानंतरच्या श्रद्धांजलीला, माणसं जमली आणि अख्ख्या दिवा शहरातली लाईट गेली. त्यांच्या मुलाने, रत्नदीपने, लॅपटॉप पुढे ओढला. पप्पांचा आवाज असलेला एकच व्हिडिओ घरात होता, बहिणीच्या, पायलच्या लग्नातला; तोच सगळ्यांना दाखवायचा होता. घाईत त्याने तो नीट बघितलाही नव्हता. त्यात लॅपटॉपची बॅटरी म्हातारी.

"टेन्शन नको घेऊ," पायलचा नवरा महेंद्र म्हणाला. "प्रोसेसरचं व्होल्टेज आणि स्पीड दोन्ही खाली ओढतो. बॅटरी कमी खाईल."

"काही बिघडणार नाही ना, दाजी?"

"अरे, मी रोज करतो."

रोज करायचा तो स्वतःच्या नव्या लॅपटॉपवर.

पुढे भीमाबाई बसल्या होत्या, विठ्ठलवाडीची थोरली आत्या. गावच्या घरावरून भांडण झाल्यापासून बहीणभाऊ बोलत नव्हते. लग्नाला त्या आल्या नाहीत, मयतालाही नाहीत. आज सकाळपासून बसून होत्या, पण पाण्याच्या थेंबाला शिवल्या नव्हत्या.

व्हिडिओ सुरू झाला. पप्पा हार सावरत माईकपाशी आले, ते दोन-दोन मिनिटांनी एकेक पाऊल टाकत. मग तोंड उघडं ठेवून थांबले. मौन पाळायचं असावं असं समजून मागची माणसं उभी राहिली. त्यांना बघून पुढचीही.

"स्पीड वाढवा ना, दाजी!"

"वाढवतोय. पण ती खिडकीपण स्लोच उघडतेय."

तेवढ्यात पप्पांना कंठ फुटला. "ताई… आली… नाही. तिला… सांगा… माझ्या…"

आणि पुन्हा थांबले.

"माझ्या काय?" भीमाबाई ओरडल्या. "बोल की रे!"

पप्पा नुसते बघत राहिले.

"मी काय मुद्दाम नाही आले? तू एक फोन केलास? घर घे, जमीन घे म्हणाले असते रे मी! तू विचारलंस का?" त्या स्क्रीनशी भांडू लागल्या, भांडता भांडता रडू लागल्या. मौनातली माणसं बसावं की नाही या विचारात उभीच. शेवटी बॅटरी संपली आणि पप्पा काळे झाले.

जेवणाच्या वेळी लाईट आली. रत्नदीपने स्वयंपाकघरात लॅपटॉप चार्जिंगला लावला, सेटिंग पूर्ववत केलं, कानात इयरफोन घातले. पप्पा आता तडातडा बोलले, "ताई आली नाही. तिला सांगा, माझ्या मयतालाही येऊ नको."

त्याने इयरफोन काढले. दारात आत्या उभी होती.

"काय म्हणाला रे?"

रत्नदीपने लॅपटॉप मिटला. "म्हणाले… माझ्या ताईला आधी जेवायला वाढा."

 भीमाबाईंनी पदराने डोळे पुसले.

"असं तो मेला तरी बोलला नसता," त्या म्हणाल्या आणि ताट पुढे केलं. "वाढ."