धूळसमाधी

घर आपणच झाडायचं, असं वीरण्णानं त्या रविवारी दुपारी ठरवलं आणि तिथंच सगळं फिसकटलं. (बायको घरात नसताना ज्यानं ज्यानं केरसुणी हातात घेतली, त्याचं भलं झाल्याचं तुम्ही तरी ऐकलंय का?) पण बिचाऱ्याला दुसरा इलाज नव्हता. लातूरचा जिल्हा झाला, वीरण्णा नव्या कचेरीत कारकून म्हणून आला आणि लगोलग पावसानं पाठ फिरवली. जिल्हा झाला म्हणून गावभर रस्ते उकरलेले आणि पाऊस नाही म्हणून उकरलेलं सगळं हवेत. त्याच्या बायकोला, शिवकांताला, उठल्यापासून शिंका लागायच्या त्या दम लागेपर्यंत थांबायच्या नाहीत.

डॉक्टर म्हणाले होते, "घरातली धूळ ओल्या फडक्यानं पुसून काढा. कोरडा झाडू मारू नका. जमत नसेल तर बाईंना पाऊस पडेपर्यंत माहेरी पाठवा."

ओलं फडकं म्हणजे पाणी आलं, आणि टँकर तर मनाला येईल तेव्हा यायचा. घरात पाणी होतं ते प्यायच्या घागरीपुरतं. शेवटी माहेरच ठरलं. देवणीला सासऱ्यांच्या विहिरीला अजून पाणी होतं. शिवकांता चारच्या गाडीनं निघणार होती, ट्रंक भरून दाराशी ठेवली होती आणि ती मठात पाया पडायला गेली होती. वीरण्णाला नुसतं रडायचंच बाकी राहिलं होतं. लग्न झाल्यापासून तो तिच्यावाचून राहिला नव्हता. तिला तसं सांगायची मात्र त्याला लाज वाटायची. त्यापेक्षा घरच लख्ख करून दाखवू, म्हणजे ती आपण होऊन राहील, असा त्यानं हिशेब केला.

बाहेरची धूळ आत नको म्हणून त्यानं दाराला आतून कडी घातली आणि दाराखिडक्यांच्या फटींवर कणकेच्या खळीनं वर्तमानपत्रं डकवली. टॉवेल ओला करून नाकातोंडावरून घेतला, हनुवटीखालून नेऊन डोक्यावर गच्च गाठ मारली. मग उघड्या अंगानं, लुंगी खोचून, त्यानं भिंती झाडल्या, गाद्या बडवल्या, गोधड्या आपटल्या. भिंतीचा चुना पिठासारखा गळत होता. (आतली धूळ जाणार कुठून, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. कचेरीत हा माणूस आवक-जावक सांभाळत होता.) शेवटची गोधडी आपटून तो जरा टेकावं म्हणून भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसला, आणि त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा खोलीत पिवळट अंधार होता. एका खिडकीचा कागद कोपऱ्यात सुटला होता. तिथून उजेडाची एक रेघ आत आली होती आणि तिच्यातली धूळ हलतसुद्धा नव्हती. खोलीत कुणीतरी श्वास घेत होतं. सावकाश, घरघरत. वीरण्णानं भीतीनं आपला श्वास रोखला, तसा तोही श्वास थांबला.

समोरच्या भिंतीशी एक माणूस बसला होता. पांढराफटक. मांडी घातलेली, हनुवटी फडक्यानं बांधलेली, अंगभर विभूती. लिंगायताच्या घरी माणूस लिंगैक्य झाला की त्याला असंच बसवतात आणि बसलेलाच मातीआड करतात. वीरण्णानं लहानपणी आपले आजोबा असे बसलेले पाहिले होते. (समोर कपाटाचा आरसा होता. पण भ्यालेल्या माणसाला आरसा कुठला आठवतोय.)

तेवढ्यात बाहेरून शेजारच्या कमलम्माचा रडका आवाज आला. "म्या खिडकीच्या फटीतून पाहिलं की. वीरण्णा लई सादा मानूस होता. कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई."

"दार आतून बंद, फटी बुजवलेल्या, आंगाला विभूती," मठाचे गुरुपादय्या स्वामी म्हणत होते. "माय, ही जिवंत समाधी हाय. आपल्या गल्लीत योगी राहून राहिला होता, आन् आपल्याला वळखू आला न्हाई."

वीरण्णा ऐकत राहिला. जिवंतपणी त्याच्याविषयी कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. त्यावरून त्याची खात्रीच पटली की आपण गेलो.

मग शिवकांताचा आवाज आला. "मी गाडीनं जाते म्हनले म्हनून हे असं करून बसले. एक शबूद बोलले असते तर मी ऱ्हायले असते की ओ."

वीरण्णाचं चुकलंच होतं. बोलायचं ते सगळं राहून गेलं होतं, आणि आता तोंड बांधलेलं होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावरच्या चुन्यात जिरून गेलं.

दोन धक्क्यांत कडी निखळली. स्वामी मंत्र म्हणत आत आले, त्यांनी वीरण्णाच्या गळ्यात हार घातला, पायांवर बेल वाहिला आणि कपाळावर चिमूटभर विभूती लावली. त्यातली थोडी झोपेत घसरलेल्या टॉवेलावरून त्याच्या नाकात गेली आणि वीरण्णा असा शिंकला की टॉवेलची गाठ सुटली.

सगळ्यांत आधी स्वामी पळाले. त्यांच्यामागं कमलम्मा आणि बाकीची गल्ली. शिवकांता तेवढी हलली नाही.

"अहो, जिवंत हाव का?" तिनं विचारलं.

"तूच सांग," वीरण्णा म्हणाला. "घर झाडून राहिलो होतो. तू जाऊ नयेस म्हनून."

तिला हसू आणि रडू बरोबरच आलं. ती धावत जवळ आली, तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि तिला जी शिंक लागली ती थांबेचना. वीरण्णा एक पाऊल पुढं सरकला की ती दोन मागं जायची. उघड्या दारातून वारा आला, उरलीसुरली धूळ घेऊन गेला आणि घर खरोखरच लख्ख दिसू लागलं. धूळ उरली होती ती एकाच जागी, आणि ती जागा लुंगी नेसून मधोमध उभी होती.

"आंघुळीला पानी?" त्यानं विचारलं.

"कुटलं ओ," ती दारापल्याडून म्हणाली. "मी ऱ्हाते हितं. तुमीच जावा देवणीला. आमच्या हिरीवर आंग धुवा आन् परत या."

अशा रीतीनं चारच्या गाडीनं बायकोऐवजी नवरा माहेरी निघाला. गाडीत त्याच्या शेजारी कुणी बसेना. इकडं समाधीचा निरोप कमलम्मानं आधीच्या गाडीच्या ड्रायव्हरकडं देवणीला केव्हाच धाडला होता, आणि समाधी मोडल्याचं कळवायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

दिवेलागणीला वीरण्णानं सासऱ्यांच्या, मडिवाळप्पांच्या, दाराची कडी वाजवली. मडिवाळप्पांनी कंदील घेऊन दार उघडलं, समोरची पांढरी आकृती गळ्यातल्या हारासकट नीट पाहिली आणि दार हळूच लावून घेतलं. मग आतून हात जोडल्यासारखा त्यांचा आवाज आला.

"जावईबापू, जिवंतपनी दर सनाला आलाव, आमी कदी काई बोललो न्हाई. आता तरी ऱ्हाऊ द्या."