दुर्बीणबाईंची बैठक

शिक्षकांना शिकवण्यात मदत करायला म्हणून शाळेत नेमलेल्या बाईंना शिक्षकखोलीनं पहिल्याच आठवड्यात नाव ठेवलं, दुर्बीणबाई. त्या आत आल्या की गप्पांना कुलूप लागायचं. मुख्याध्यापिकांनी तर साफ सांगितलं होतं, "शनिवारपर्यंत एका तरी शिक्षकानं आपणहून तुम्हाला वर्गात बोलवायला हवं. नाहीतर तुम्ही परत कचेरीत."

शुक्रवार उजाडला तरी कोणी बोलवेना. शेवटी त्या मन घट्ट करून, न बोलावताच गणिताच्या बाईंच्या तासाला गेल्या. तपासायला आल्यासारखं वाटू नये म्हणून खुर्ची नाकारली आणि मागच्या बाकावर मुलांसारख्या बसल्या. बसल्या कसल्या, कोंबल्या गेल्या! बाक चौथीच्या पोरांचा आणि बाई अंगानं चांगल्या भरलेल्या.

घंटा झाली. उठायला जातात तर गुडघे फळीखाली घट्ट! आता पोरांदेखत सांगणार तरी कसं? त्यांनी उगाच काहीतरी लिहायला घेतलं. पुढच्या तासाला भाषेचे सर आले. दुर्बीणबाईंना बघून बिचाऱ्यांची बोबडीच वळली. मग चित्रकलेच्या बाई आल्या, "आज माझ्यावर पाळत वाटतं?" म्हणाल्या आणि तासभर फुगून बसल्या. एका दिवसात तिघांशी वाकडं!

शाळा सुटली. विसरलेली पर्स न्यायला गणिताच्या बाई परत आल्या.

"अजून इथंच? झडती राहिलीय का कसली?"

"कसली झडती हो! अडकलेय मी. तुमच्या तासापासून." दुर्बीणबाई रडकुंडीला आल्या होत्या. "पाया पडले असते तुमच्या, पण माझेच पाय हलेनात."

गणिताच्या बाई पोट धरून हसल्या. "अहो, तिरकं व्हायचं! सोप्पं आहे. हे बघा." त्या शेजारच्या बाकावर बसल्या. तिरक्या झाल्या. आणि तशाच अडकून राहिल्या.

"काय झालं?"

"गणित चुकलं," त्या पुटपुटल्या.

मग काय, दोघी बोलत बसल्या. बोलता बोलता गणिताच्या बाई हळूच म्हणाल्या, "भागाकार शिरतच नाही हो पोरांच्या डोक्यात. इतकी वर्षं झाली, आता विचारायचं कोणाला?"

"मला तरी कुठं जमायचा पहिल्यांदा? दोघी मिळून बघू की." दुर्बीणबाईंना इतकं बरं वाटलं की गुडघे दुखायचेच थांबले.

तेवढ्यात दारात मुख्याध्यापिका. "तुम्ही दोघी? अजून?"

दुर्बीणबाई खरं सांगणार, तोच गणिताच्या बाई ताठ मानेनं म्हणाल्या, "चर्चा चाललीय. उद्या माझ्या तासाला बोलावलंय मी यांना."

"अगं बाई! मग बसा, निवांत बसा. कोणाला फिरकू देत नाही इकडे!" मुख्याध्यापिकांनी हौसेनं दार ओढून घेतलं. पावलं लांब गेली.

"हाक मारा ना हो त्यांना," दुर्बीणबाई कुजबुजल्या.

"मी का म्हणून? शिक्षकांना मदत करायची नोकरी तुमची!"