ओसरीवरचं भाषण

महादेवराव नंदनवार दुपारी निवृत्त व्हायचे होते आणि सकाळी त्यांचं भाषण नाहीसं झालं.

सदर भागातल्या विणकर सोसायटीचे ते व्यवस्थापक. सारा जन्म सोसायटीत गेला, पण चार माणसांसमोर उभं राहिलं की त्यांची बोबडी वळायची. जाताना तरी धड बोलावं, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणून अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यापासून ते रोज जेवणाच्या सुट्टीत नव्या कॉम्प्युटरवर भाषण लिहीत होते. मशीनला देवनागरी येत नव्हती आणि महादेवरावांना इंग्रजीचा कंटाळा. तेव्हा मराठी भाषण इंग्रजी अक्षरांत उतरत होतं.

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या गोपिकाने त्यांना सुरुवातीलाच विचारलं होतं, "साहेब, तुमच्या नावाची डिरेक्टरी करून देऊ का? आपली खोली असल्यावानी. कुलूपही लागते."

"मले कायले खोली? दसरा झाला का मी चाललो घरी. ते टेम्पररीचं खातं आहे ना, तिथंच राहू दे. आपन ओसरीवर बसनारा मानूस."

"पन मशीन बंद करून चालू केलं का ती ओसरी आपोआप साफ होते, साहेब."

"मंग बंदच कायले करावं?"

हेही खरंच होतं. वीज गेली तरी चालावं म्हणून मशीनपाशी मोठमोठ्या बॅटऱ्या होत्या. गोपिका ते बंद करतच नसे. भाषण ओसरीवर सुखाने वाढत गेलं.

मग आली खंडेनवमी. कोष्ट्याच्या घरी त्या दिवशी माग थांबतो, हत्यारांना हळदकुंकू लागतं. गोपिका माहेरी उमरेडला गेलेली. महादेवरावांनी नारळ आणला, हार आणला आणि मशीनसमोर उभे राहिले. मशीन घरघरतच होतं.

"पोळ्याले बैलालेही आराम असते," ते म्हणाले. "हत्यार चालू ठेवून पूजा करते का कोनी?" आणि त्यांनी स्वतःच्या हाताने बटण दाबलं. पूजेच्या गडबडीत गोपिकाची ताकीद त्यांना आठवली नाही.

दसऱ्याची सुट्टी संपवून गोपिका आली. तिने पडद्यावरचा हार उतरवला, बटणांतलं कुंकू पुसलं, मशीन चालू केलं. पाठोपाठ महादेवराव आले, नव्या धोतरात.

"छापून दे वं पोरी."

गोपिकाने बटणं दाबून पाहिली, पुन्हा दाबून पाहिली. "साहेब, मशीन कोनी बंद केलं होतं?"

"म्या. पूजेसाठी. काहून?"

काहून ते तिने सांगितलं.

"म्हंजे म्याच पुसलं?"

"मशीननं पुसलं, साहेब. तुमी फक्त बटन दाबलं."

महादेवरावांना फार वाईट वाटलं. पुन्हा लिहायला वेळ नव्हता. दुपारी सभा भरली. सोसायटीच्या वाडीतल्या गोदामातली माणसंही आली, त्यांत गोदाम सांभाळणारे शालिकराम पराते. त्यांचं आणि महादेवरावांचं कधीच पटलं नव्हतं. गळ्यात हार पडला आणि महादेवराव घाम पुसत उभे राहिले.

"म्या भाषण लिवलं होतं. ते गेलं," ते म्हणाले आणि पुढे गाडी अडली ती अडलीच.

मागून सूतवाटपाच्या रुख्माबाई ओरडल्या, "साहेब, ते पुराचं सांगा नं! मी गठ्ठे डोक्यावर घेऊन माडीवर चढली ते!"

"तुमाले कसं मालूम?"

रुख्माबाईंनी जीभ चावली. गोपिका खाली मान घालून म्हणाली, "साहेब, ओसरीवरचं कोनालेही वाचता येते. तुमी हात धुवाले गेले का मी साऱ्यायले वाचून दाखवत होती. वाडीचे लोक आले का त्यायलेही."

मग काय विचारता! भाषण एकेकाच्या तोंडून बाहेर येऊ लागलं. ज्याला त्याला स्वतःपुरता भाग पाठ होता. लिहिलेल्या भाषणात रुख्माबाईंच्या डोक्यावर दोन गठ्ठे होते. सभेत त्यांनी अर्धं गोदाम वाचवलं. महादेवराव हसत मान डोलवत होते. स्वतः न बोलता एवढं चांगलं भाषण होईल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

तेवढ्यात शालिकराम उभे राहिले आणि महादेवरावांची मान डोलायची थांबली. शालिकरामांवरचा परिच्छेद त्यांनी सगळ्यांत चवीने लिहिला होता. ह्या गृहस्थाने सारी नोकरी गोदामाच्या किल्ल्या हरवण्यात घालवली, असं त्यात साफ होतं.

शालिकरामांनी घसा खाकरला. "साहेबायनं लिवलं होतं का शालिकराम होता म्हून गोदाम उभं राहिलं. आयकून माह्या डोळ्याले पानी आलं होतं."

मूळ मजकूर ऐकलेली सारी सभा महादेवरावांकडे बघू लागली.

"होय," महादेवराव म्हणाले. "तसंच लिवलं होतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शालिकरामांनी पुढे येऊन त्यांच्या हातात आपट्याचं सोनं ठेवलं आणि गळामिठी मारली.

चिवडा-पेढे चालू असताना गोपिका धावत आली. सकाळपासून ती मशीन बसवणाऱ्या धरमपेठेतल्या इंजिनिअरला फोन करत होती, तो आता कुठे उगवला होता.

"साहेब, त्याच्यापाशी मशीनची आठवडाभर आधी नक्कल केलेली टेप आहे! सारं भाषण निघते त्याच्यातून. छापून साऱ्यायले वाटू?"

शालिकराम शेजारीच बसले होते. त्यांच्या हातातला पेढा तोंडापाशी थांबला.

महादेवरावांनी आपल्या बशीतला पेढा उचलून शालिकरामांच्या बशीत ठेवला.

"पुसून टाक वं पोरी," ते म्हणाले. "आन ह्या वेळी नीट पुस."